जुन्या नाण्यातली टांकसाळीची चूक कशी ओळखावी

इंदूरच्या मराठी घरात लक्ष्मीपूजनाची डबी उघडली की दोन-तीन राजवटी एकदम बाहेर येतात. होळकरांचा जाडजूड, वेडावाकडा रुपया, व्हिक्टोरिया राणीचा किंवा पंचम जॉर्जचा गोल रुपया, आणि कुणीतरी वेगळं दिसलं म्हणून ठेवून दिलेलं अल्युमिनियमचं चिल्लर. हल्ली या डबीकडे बघायची नजर बदलली आहे. मोबाइलवर एखादा व्हिडिओ येतो, चुकीच्या छापाच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात असं त्यात ठासून सांगितलेलं असतं, आणि घरातला प्रत्येक ओरखडा मौल्यवान वाटायला लागतो. "मिस्टेक का पीस है, भिया" असं म्हणून बाजारात जे नाणं हातात ठेवलं जातं, ते पुष्कळदा कुणीतरी ठोकलेलं, घासलेलं नाहीतर कापलेलं असतं.

टांकसाळीत झालेली चूक वेगळी आणि नाणं बाहेर पडल्यावर त्याला झालेली इजा वेगळी, हे संग्राहक लवकर शिकतो. पण त्याच्याही आधीचा एक प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत: हे नाणं पाडलं कसं? हातोड्याने की यंत्राने? कारण यंत्राच्या नाण्यावर जी दुर्मीळ चूक ठरते, ती हाताच्या नाण्यावर रोजची गोष्ट असते.

पहिली पायरी: हाताचं की यंत्राचं

हाताने नाणं पाडताना खालचा ठसा, म्हणजे नाण्याची नक्षी उलटी कोरलेला धातूचा ठोकळा, पक्का बसवलेला असे, वरचा ठसा कारागिराच्या हातात. मधे चांदीची चकती ठेवायची आणि वरून हातोड्याचा घाव घालायचा. ठसा चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे ठशावर कोरलेला सगळा लेख एका नाण्यावर कधी मावतच नसे. होळकरी रुपयावर मुघल बादशहाचं नाव अर्धंच दिसतं, टांकसाळीचं नाव कडेला कापलं जातं, होळकरांचं चिन्ह असलेलं सूर्यमुख एका बाजूला सरकतं. ही चूक नव्हे. उलट ज्या रुपयावर टांकसाळीचं नाव आणि साल दोन्ही पूर्ण बसली आहेत, त्यालाच जाणकार जास्त मोल देतात.

काठावरच्या चिरांचंही तेच. चांदीची चकती ठोकून चपटी करताना धातू ताठर होतो आणि कडेला फाटतो. काठापासून आत शिरणारी, आत जाता जाता निमुळती होत संपणारी चीर त्या कामाची साधी निशाणी आहे. दोन्ही बाजूंच्या छापांचा एकमेकांशी कोन जुळत नसेल तर त्यालाही इथे काही अर्थ नाही. वरचा ठसा हातात असल्यावर तो प्रत्येक घावाला फिरणारच.

यंत्राच्या नाण्यात चकती आधी नेमक्या मापाची कापली जाते, तिची कड दाबून वर उचलली जाते, आणि छाप बसताना ती एका पोलादी कड्यात अडकलेली असते. म्हणून नाणं गोल येतं, जाडी सगळीकडे सारखी राहते आणि काठावर दाते असतील तर ते एकसारखे उमटतात. इथे छाप सरकली तर काहीतरी खरंच बिघडलं होतं.

तेव्हा नाणं हातात आलं की आधी छाप बघू नका, काठ बघा. जाडी कमीजास्त, काठ ओबडधोबड, ठोकल्याच्या खुणा असतील तर हाताचं. एकसारखा, सरळ किंवा दातेरी काठ असेल तर यंत्राचं. इंदूरचं उदाहरण घ्यायचं तर मल्हारनगर आणि महेश्वर टांकसाळींचे मुघल बादशहा शाह आलमच्या नावाचे रुपये हाताचे. संवत १९९२, म्हणजे इसवी सन १९३५ची, यशवंतराव होळकर दुसऱ्यांचा चेहरा असलेली तांब्याची पाव आणा आणि अर्धा आणा ही नाणी यंत्राची. शिवाजीराव होळकरांच्या काळातली नंदीची तांब्याची नाणी मिळाली तर राजाच्या नावावरून अंदाज न बांधता प्रत्येकाचा काठ स्वतः तपासा. बडोद्याच्या सयाजीरावांच्या एकाच कारकिर्दीत आधी ‘सा गा’ अक्षरांची हाताची नाणी आली आणि नंतर त्यांच्या चेहऱ्याची यंत्राची. म्हणजे राजा कोण यावरून पद्धत ठरत नाही.

या दोन प्रकारांची नाणी दोन वेगळ्या पाकिटांत ठेवूनच पुढे जा.

दुसरी पायरी: उजेड आणि भिंग

दहा पट मोठं दाखवणारं जवाहिऱ्याचं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, व्यास मोजायला व्हर्नियर कॅलिपर, एक चुंबक आणि मऊ कापड एवढं पुरतं. इंदूरच्या सराफ्याच्या गल्ल्यांत हे सगळं मिळतं, फक्त दिवसा जा. रात्री तिथे खाऊगल्ली भरते, तळलेला गराडू कंद आणि जोशींचा दहीवडा यांचं राज्य असतं.

उजेड वरून नको, बाजूने हवा. टेबललँप खाली आणा, नाणं बोटांत कडेने धरा आणि हळूहळू फिरवा. तिरप्या उजेडात उंचवट्याची सावली एका बाजूला पडते आणि खड्ड्याची दुसऱ्या. पुढच्या पायऱ्यांचं सगळं काम या सावलीवर चालणार आहे. मोबाइलच्या फोटोत मात्र डोळा फसतो, उंचवटा खड्डा वाटतो आणि खड्डा उंचवटा. म्हणून नुसता फोटो पाहून कुणी निर्वाळा दिला तर तो मनावर घेऊ नका.

तिसरी पायरी: धातू खरा आहे ना

नकली नाण्यावर चूक शोधण्यात अर्थ नाही, म्हणून हे आधी उरका. इंग्रजी अमलातला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे जुन्या हिशेबाने बरोबर एक तोळा. (आजच्या सराफ्यात तोळा म्हटलं की दहा ग्रॅम धरतात, तो घोळ करू नका.) अर्धा रुपया ५.८३ ग्रॅमचा. झिजलेल्या नाण्याचं वजन थोडं कमी भरेल, जास्त भरायचं कारण नाही. होळकरी रुपये साधारण अकरा ग्रॅमच्या आसपास भरतात, पण त्यात फरक पडतो.

वजन जुळलं म्हणजे चांदी खरी असं नाही. त्यासाठी पाण्याची परीक्षा घ्या. काट्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा; तळाला किंवा पेल्याच्या अंगाला टेकू देऊ नका, बुडबुडे चिकटले असतील तर हलवून काढा. काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या वजनाला भागा. जुन्या रुपयात ९१.७ टक्के चांदी असते, त्यामुळे उत्तर १०.३च्या जवळ यायला हवं. म्हणजे ११.६६ ग्रॅमचा रुपया पाण्यात सुमारे १.१३ दाखवेल. पितळेवर मुलामा असेल तर आकडा १.३७च्या आसपास जाईल. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच आहे, त्यांचं उत्तर साडेनऊच्या आसपास येतं, तेव्हा ते नाणं खोटं म्हणून बाजूला टाकू नका.

चुंबकाची गंमत वेगळी आहे. चांदी चुंबकाला चिकटत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. मग १९४७चा वाघाचा रुपया खटकन चिकटला की लोक घाबरतात. तो शुद्ध निकेलचा आहे आणि निकेल चुंबकाला चिकटतं. तो चिकटला नाही तरच काळजी करा.

ओतून केलेली नकल काठावर पकडली जाते. साच्याच्या दोन अर्धुकांचा सांधा काठावर बारीक रेघ होऊन दिसतो, नाहीतर तो घासून काढल्याच्या समांतर रेघा दिसतात. मोकळ्या जागेत टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं आणि अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत असतील तर ते नाणं पाडलेलं नाही, ओतलेलं आहे. यशवंतराव होळकर पहिल्यांचा १८०६चा संस्कृत लेखाचा रुपया फार दुर्मीळ आहे. तो कुणी सहज काढून दाखवला तर आधी काठ बघा आणि मग लेख वाचा.

चौथी पायरी: उंचवटा की खड्डा

इथे घाई करू नका. नाण्यावर नको ती रेघ, नको तो ठिपका, नको ती गाठ दिसली की भिंगाखाली एकच गोष्ट ठरवा: ती वर आली आहे की खोल गेली आहे?

ठशाला तडा गेला तर नाणं पाडताना धातू त्या तड्यात घुसतो. नाण्यावर त्याची उंच, वेडीवाकडी रेघ उठते. अशी रेघ अक्षरावरून, चेहऱ्यावरून, मोकळ्या जागेतून सलग जाते. ओरखडा याच्या उलट: तो खोल असतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना धातू किंचित वर सरकलेला असतो. उंच रेघ नाण्यावर नंतर कुणाला उठवता येत नाही, हे इथलं मोठं सुख. ठशाचा कडेचा तुकडाच निखळला तर त्या जागी नाण्याच्या कडेला आकार नसलेला धातूचा गोळा उठतो आणि तिथली अक्षरं गायब होतात. त्या गोळ्याच्या अगदी समोर, मागच्या बाजूला, छाप फिकी असते. कारण धातू पुढच्या रिकाम्या जागेत भरला गेला आणि मागे कमी पडला.

याच गोळ्यावरून आपल्याकडे सगळ्यात जास्त फसगत होते. जुन्या रुपयांना कडी डाखून गळ्यात घालायची पद्धत होती. कडी काढली तरी डाख मागे राहतो. चेहऱ्याच्या बरोबर वर, काठाला लागून गाठ असेल, तिचा रंग किंचित वेगळा असेल आणि काठावरचे दाते तिथे भरून गेले असतील, तर ती कडीची जागा आहे. ठशाच्या तुटीने आलेल्या गोळ्याचा रंग आणि चकाकी बाकी नाण्यासारखीच असते, आणि तो चेहऱ्याचा माथा शोधून बसत नाही.

खोल खुणा बहुतेक नाण्याच्या पुढच्या आयुष्यातल्या. होळकरी आणि शिंदेशाही रुपयांवर बारके फुल्यांचे, चंद्रकोरींचे, ठिपक्यांचे खोल ठसे दिसतात. सराफ चांदी आतपर्यंत खरी आहे का ते तपासून आपली खूण मारून ठेवत. टांकसाळीची चूक ती नाहीच. मला मात्र या खुणा आवडतात. चार-पाच सराफांनी ठोकून पाहिलेला रुपया नकली असण्याची शक्यता निदान कमी असते.

खोल असूनही टांकसाळीची असते अशी एक गोष्ट मात्र आहे. चकती आणि ठसा यांच्यामधे कपच्या, धागा किंवा वंगण आलं तर त्याचा आकार नाण्यात दाबला जातो. त्या खळगीच्या कडा गुळगुळीत असतात आणि आजूबाजूचा धातू वर सरकलेला नसतो. वंगण ठशाच्या अक्षरात साचलं तर ते अक्षर उमटतच नाही. सालातला एखादा आकडा नाहीसा झाल्याची बरीचशी नाणी अशीच जन्मली आहेत. पण तो आकडा खरवडूनही काढता येतो. मोकळी जागा भिंगाखाली सपाट आणि बाकीच्यासारखीच चमकदार असेल तर वंगण. तिथे बारीक समांतर रेघा किंवा हलकीशी खळगी असेल तर कानशीचं काम.

दुहेरी अक्षरांबद्दल इतकी वावडी उठलेली आहे की थोडं सांगायला हवं. छाप बसल्यावर ठसा सैल असेल तर तो उठताना अक्षराला घासून जातो. अशा अक्षराच्या बाजूला एक सपाट, बुटकी पायरी दिसते आणि मूळ अक्षर त्यामुळे बारीक होतं. हे सर्रास होतं, त्याला फारशी किंमत नाही. ठसा तयार करतानाच चित्र दोनदा बसलं असेल तर दुसरं अक्षरही गोलसर आणि उंच असतं, टोकांना खाच दिसते आणि अक्षर एकूण जाड होतं. हे दुर्मीळ. आणि त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर ते तसंच येणार, म्हणून एकट्या नाण्यावरून निकाल देऊ नका.

झीज आणि फिकी छाप यांतही गल्लत होते. वापरून झिजलेल्या नाण्याचे उंच भाग सपाट आणि तुळतुळीत होतात, शेजारची मोकळी जागाही झिजते. छापच हलकी बसली असेल तर उंच भाग खरबरीत राहतात आणि बाजूला मूळ चकाकी टिकून असते.

पाचवी पायरी: छापच चुकलेली

हे पाकीट फक्त यंत्राच्या नाण्यांचं.

छाप सरकली असेल तर एका बाजूला कोरी चंद्रकोर राहते. दोन्ही बाजूंवर ती एकमेकींच्या पाठीला पाठ लावून यायला हवी, कारण चकती एकच होती. पोलादी कडं वर आलंच नसेल तर नाणं नेहमीपेक्षा पसरट होतं आणि काठावरचे दाते गायब असतात. इथे कॅलिपर कामाला येतो. नुसते दाते नाहीत पण व्यास नेहमीचाच किंवा कमी असेल, तर कुणीतरी काठ घासला आहे.

चकती कापताना पत्रा पुढे नीट सरकला नाही तर पुढची चकती आधीच्या भोकावर येते आणि नाण्याला अर्धगोल चावा बसतो. या चाव्याची खूण समोर शोधायची: चाव्याच्या बरोबर विरुद्ध टोकाला कड फिकी किंवा गायब असते, कारण कड उचलताना तिथे दाब बसलाच नाही. शिवाय चाव्याजवळची अक्षरं त्याच्याकडे ओढल्यासारखी निमुळती होतात. कातरीने किंवा कानशीने कापलेल्या नाण्यात समोरची कड ठणठणीत असते आणि अक्षरं सरळ तुटतात. वजन दोघांचंही कमीच भरेल, त्यावरून काही ठरत नाही.

ठसा फिरलेला आहे का, हे घरच्या मुलांनाही तपासता येतं. प्रजासत्ताक भारताच्या नाण्यात दोन्ही छापांचा माथा एकाच दिशेला असतो. नाणं वर-खाली दोन बोटांत धरा आणि पानासारखं उलटा. मागची बाजूही सरळ दिसायला हवी. थोडी कललेली असेल तर सोडून द्या, तशी नाणी खंडीभर आहेत. काटकोनात किंवा पूर्ण उलटी असेल तर वेगळी ठेवा. त्याआधीच्या नाण्यांसाठी त्याच राजाचं, त्याच सालाचं दुसरं नाणं शेजारी ठेवून ताडून बघा.

सगळ्यात देखणी चूक म्हणजे एका बाजूला सरळ छाप आणि दुसऱ्या बाजूला तीच छाप आरशातल्यासारखी उलटी आणि खोल. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं आणि पुढच्या चकतीवर स्वतःच ठसा होऊन बसतं. हाताच्या नाण्यांवरही ही चूक खरोखरची होते आणि होळकरी तांब्याच्या नाण्यावर मिळाली तर सोडू नये. नकल करणारे दोन नाणी शिकंज्यात दाबतात. त्यात उलट्या अक्षरांखाली मूळ छापाचे अवशेष राहतात आणि दुसरी बाजू चपटून जाते.

सहावी पायरी: धातूचं दुखणं

वितळवताना धातूत मळी किंवा हवा अडकली की पत्रा लाटताना तिचा थर होतो. छाप बसल्यावर, कधी कधी वर्षांनीही, तिथून पापुद्रा सुटतो. पापुद्र्याखालचा भाग खरबरीत आणि रेघांचा दिसतो, पण त्यावर छापाची फिकी छाया बऱ्याचदा असते. धारदार हत्याराने उचललेल्या सालीखाली चकाकती, स्वच्छ जखम असते. सुटायला आलेला पापुद्रा नखाने उचकटून बघायचा मोह आवरा. टांकसाळीचा दोष त्या क्षणी तुमचा दोष होतो.

मिश्रधातू नीट मिसळला नसेल तर कांस्याच्या पैशावर पिवळट-तांबूस पट्टे लाकडाच्या रेषांसारखे दिसतात. दिसायला सुंदर, पण भाव बेताचा.

बाकी बरंचसं गंज या सदरात जातं. तांब्यावरचा घट्ट, गडद हिरवा किंवा तपकिरी थर नाण्याचं रक्षण करतो, त्याला हात लावू नका. फिक्कट हिरवी, टाचणीने टोकरली तर पिठासारखी सुटणारी पूड मात्र रोग आहे. क्षारांमुळे तो आत आत खात जातो. ते नाणं बाकीच्यांपासून दूर, कोरडं ठेवा. चिकट हिरवा चिकटा असेल तर बहुतेक मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटाचा प्रताप असतो, तो शुद्ध अॅसिटोनमध्ये नाणं बुडवून निघतो. खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास गॅस, दिवा नको. अल्युमिनियमच्या पैशांवर पांढरी पूड आणि खड्डे दिसतात, तोही ओलीचाच परिणाम.

आणि चिंच, पितांबरी, राख यांपैकी काहीही नको. दिवाळीत देवाचे रुपये लखलखीत करायची हौस असेल तर त्यासाठी एक-दोन रुपये वेगळे काढून ठेवा. घासलेल्या नाण्यावर ठशाच्या बारीक खुणाच उरत नाहीत, मग चूक सिद्ध तरी कशी करणार?

जे चूक वाटतं पण नसतं

साल, ठिपका आणि चांदणी. रुपयाच्या मागे फुलाखाली उठावाचा ठिपका असेल तर ती मुंबई टांकसाळीची खूण. आजच्या नाण्यांवर सालाखाली पत्त्यातल्या चौकटसारखी हिऱ्याच्या आकाराची खूण असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. खूण नसलेलं नाणं ‘दुर्मीळ’ म्हणून विकलं जातं, ते यामुळे.

होळकरी रुपयांवर शाह आलमचं नाव त्याच्या मृत्यूनंतर, म्हणजे १८०६ नंतरही कित्येक दशकं छापलं गेलं. हिजरी साल आणि राज्यवर्ष जुळत नाही, फारसी अक्षरं मोडलेली दिसतात. कोरणाऱ्याला ती लिपी येत नसली तरी त्याने नमुना बघून कोरली. अभ्यासाला हे खाद्य आहे, पण टांकसाळीच्या चुकीत ते धरत नाहीत.

१९११च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, रुपये परत मागवले गेले आणि १९१२ पासून हत्तीची सोंड नीट कोरली गेली. तो रुपया मोलाचा आहे, पण चूक नक्षीकाराची. यंत्राने आपलं काम चोख केलं होतं.

सापडलं तर काय करायचं

नाण्याचं वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे आणि काठाचे बाजूच्या उजेडातले फोटो, आणि तुमचा तर्क एका वहीत लिहा. त्याच प्रकारचं चांगलं नाणं शेजारी ठेवून फोटो काढला तर निम्मे वाद मिटतात. इंदूरला आग्रा-मुंबई रस्त्यावरच्या केंद्रीय संग्रहालयात जाऊन मूळ नाणी काचेआडून का होईना पाहून घ्या. डोळा त्यानेच तयार होतो.

भाव विचारायचा तर निदान दोन जाणकारांना वेगवेगळं विचारा, आणि ‘आधी नोंदणी शुल्क भरा, मग तुमचं नाणं विकून देतो’ असं म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या नावाने कमिशन किंवा कर मागणारे फोन येतात. बँकेने ऑगस्ट २०२१मध्येच जाहीर केलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांत ती नसते आणि त्यासाठी कुणाकडून पैसेही घेत नाही. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते कुणाही खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याला कुरिअरने पाठवायचा विचार असेल तर तो सोडा. वाड्याचा पाया खणताना हंडा लागला तर १८७८चा निखात निधी कायदा लागू होतो आणि दहा रुपयांहून जास्त किमतीचा निधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.